परसरामचा दगड

फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यात माजी सैनिकांची संघटना उभी केली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही अकरा जण. दर रविवारी सकाळी ठीक सात वाजता तलावाच्या पाळीवर फॉल-इन, रोल कॉल, मग काम. कधी विधवांचे पेन्शनचे कागद, कधी शाळेची पडकी भिंत, कधी फुटलेली पाळच.

रोल कॉलमध्ये पहिले नाव नाईक परसरामचे. एकाहत्तरच्या लढाईत तो माझ्या शेजारी पडला. अग्नी तिकडेच दिला. गावात त्याचे म्हणून एवढेच होते: पाळीवरचा नाव कोरलेला दगड, आणि त्याच्यापुढे रोज फूल ठेवणारी त्याची बायको शेवंताबाई.

एका रविवारी दगड जागेवर नव्हता. गावातल्या लाकडाच्या ठेकेदाराने तो आदल्या संध्याकाळी बैलबंडीत घालून नेला होता आणि आपल्या न्हाणीत बसवला होता; त्याच्याच गड्याने आम्हाला सांगितले. परसरामच्या नावावर बसून तो आंघोळ करत होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शत्रूचाही इतका राग मला कधी आला नव्हता. "पाय मोडायचे," मी म्हणालो. "केस माझ्या नावावर." कोणी नाही म्हटले नाही.

सात वीस. ठेकेदाराच्या अंगणात अकरा लाठ्या. तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला.

"मले काय मालूम? पाळीवर पडूनच होता," तो म्हणाला. "मेलेल्या मानसाले दगड कायले लागते?"

मी लाठी उगारली. मला फक्त त्याचे गुडघे दिसत होते.

"सावधान."

अकरा जणांच्या टाचा एकदम जुळल्या. लाठ्या खाली पडल्या. फाटकात शेवंताबाई उभी होती. परसराम सुट्टीवर आला की अंगणात कवायत करायचा, आज्ञाही स्वतःच द्यायचा. हा हेल त्याचाच होता. बाईच्या आवाजाला आम्ही फसलो, हे कळूनही पाय हलेनात.

"हवालदार भाऊ, मले याचे पाय नाई पायजे," ती म्हणाली. "मोडले तर दगड कोन नेईन? यानं आनला, यानंच डोक्यावर न्यावा. सगळ्या गावातून."

त्याने नेला. उघड्या अंगाने, भर बाजारातून. दोनदा गुडघ्यावर आला. कोणी हात लावला नाही. पाळीवर शेवंताबाईने त्याच्याकडून नावाच्या अक्षरांत बसलेला साबण नखाने काढून घेतला. आम्ही रांगेत उभे राहून पाहिले. मला बरे वाटले, खोटे कशाला बोलू. तरी पाय मोडले नाहीत याची हळहळ अजून आहे.

मग मी रोल कॉल घेतला. "नाईक परसराम."

"हाजिर," शेवंताबाई म्हणाली. थोड्या वेळाने तिनेच "विश्राम" दिला.

त्या दिवसापासून दर रविवारी विश्राम तीच द्यायची. आता तीही नाही. पहिली दोन नावे, परसराम आणि शेवंताबाई, मी घेतो, बाकीचे हाजिर म्हणतात. त्यानंतर मी जरा थांबतो. विश्राम मी अजून दिलेला नाही. माणसे आपापली कामाला लागतात.