फेब्रुवारीचा कापलेला पगार

आमच्या शाळेचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, वर्षभर निवांत असत आणि फेब्रुवारी आला की त्यांना एकदम सरकार आठवे. प्राप्तिकर दर महिन्याला थोडाथोडा कापावा हे त्यांना कधी सुचलं नाही. अख्ख्या वर्षाचा कर ते फेब्रुवारीच्या पगारातून एका दमात काढत आणि वर आम्हालाच विचारत, ‘विम्याची पावती आधी काहून नाही दिली?’ आधी मागितली होती का? नाही. पण बाबूंना उलट बोललं की पुढच्या महिन्यात आपले रजेचे अर्ज सापडत नसत. मी बोलायची, त्यामुळे माझे कधीच सापडले नाहीत.

सत्तरनंतरची ती वर्षं. मी रिसोडला खोली घेऊन राहायची आणि शाळेत गणित शिकवायची. त्या वर्षी नवी वेतनश्रेणी लागली, मागची थकबाकी एकदम हातात आली. त्यातून गावी, केनवडला, आईबाबांच्या घरावर टिनाचे पत्रे चढले आणि मी मात्र करात सापडले. बाकीच्या मास्तरांनी विम्याचे हप्ते भरून स्वतःची सुटका करून घेतली होती. कापले गेलो आम्ही दोघंच, हेडमास्तर आणि मी.

पगार झाल्यावरच्या रविवारी मी केनवडला जायची आणि पैसे आईच्या हातात द्यायची. या खेपेला आईनं नोटा दोनदा मोजल्या.

“कापला पगार,” मी म्हटलं. डोकं आधीच तापलेलं होतं, जास्त काही सांगितलं नाही. तिथंच माझं चुकलं.

बाबांचा जन्म दुसऱ्याच्या शेतात सालदारकी करण्यात गेला होता. एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत मालकाकडे राबायचं, त्याला साल म्हणत. त्यातून पैसे कापले जायचे ते दोनच कारणांनी: खाडा पडला, नाहीतर मालकाची वस्तू मोडली. आणि कापाकापी झालेल्या माणसाला पाडव्याला दुसरं घर पाहावं लागे. मार्च लागलेला होता. पाडवा तोंडावर आला होता.

“खाडा केला काय?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“मंग काय मोडलं तुनं?”

“काहीच नाही मोडलं, बाबा. सरकार कापते.”

त्यांचा विश्वास बसला नाही. पोरगी लपवून राहिली आहे, असंच त्यांना वाटलं.

सोमवारी आठवीच्या वर्गात मी अपूर्णांक शिकवत होते, तेवढ्यात शिपाई सांगत आला, “बाई, तुमचे बाबा सायबांपाशी आले.” मी हातातला खडू तसाच घेऊन धावले. बाबा धुतलेलं धोतर नेसून हेडमास्तरांच्या टेबलासमोर हात जोडून उभे होते. टेबलावर पायलीभर तुरीच्या डाळीचं गाठोडं.

“सायेब, पोरीच्या हातानं काही मोडलं असन तर मी भरून देतो. पण पाडव्याले तिले काढू नका.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याहून जास्त राग आला तो माझा मलाच, बापाची लाज वाटली म्हणून.

हेडमास्तर उठले आणि बाबांना खुर्चीवर बसवलं. “बाबा, तिनं काही नाही मोडलं. ज्याची कमाई मोठी, त्याच्यापासून सरकार वाटा घेते. या शाळेत माझा कापला अन् तिचा कापला. बाकी कोणाचा नाही.”

बाबा खुर्चीतून पुढे वाकले.

“म्हंजे सरकारले कमी पडलं, त थे माया पोरीले मागते?”

“तसंच समजा.”

“मंग याची चिठ्ठी भेटन काय?”

कर कापल्याचा दाखला द्यायला जून उजाडवणाऱ्या बडे बाबूंनी तो त्या दिवशी उभ्याउभ्या लिहून दिला. बाबांनी तो नेऊन घरातल्या बुद्धाच्या तसबिरीमागे ठेवला. डाळ तेवढी बाबूंनी ठेवून घेतली.

पुढचं वर्ष केनवडला कोणालाच सुखाचं गेलं नाही. रिसोडला येताना एस.टी. आदळली की बाबा ड्रायव्हरला म्हणत, “हळू हाक बाप्पा, या सडकीत माया पोरीचे पैसे हायेत.” ज्यांच्याकडे बारा सालं काढली, त्या मालकांच्या ओट्यापुढे थांबूनही त्यांनी विचारलं, “तुमचा किती कापते?” मालक म्हणाले, शेतीच्या उत्पन्नावर हा टॅक्स लागत नाही. “असं काय,” बाबा म्हणाले, “राहू द्या मंग.” हे मला आईनं सांगितलं, आणि सांगताना पदर तोंडाशी धरून हसत होती.

दुसऱ्या वर्षी थकबाकी नव्हती, सरकारनं करमाफीची मर्यादाही वर नेली होती. फेब्रुवारीचा पगार पुराच्या पुरा हातात पडला. रविवारी मी मोठ्या खुशीत घरी गेले. आईनं नोटा मोजल्या, पूर्ण भरल्या.

बाबांनी हात पुढे केला. “चिठ्ठी?”

“या वर्षी नाही, बाबा. काहीच नाही कापलं.”

त्यांनी हात मागे घेतला. चहा झाला. मग आई आत गेलेली पाहून माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, “खरं सांग बाई, काय मोडलं तुनं?”