हरणीची सावली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डेस्कवरच्या मित्रांना नाही. सांगायची वेळ आली, तेव्हा दर वेळी दुसरंच काही सांगितलं. ते इतकं नीट सांगितलं, की मलाही ते पाठ झालं.

मी सोलापुरात एका दैनिकात तेवीस वर्षं काम केलं. आधी बातमीदार, मग उपसंपादक. लोकांच्या चुका वेळेसकट, जागेसकट लिहायच्या, हे माझं काम. ही चूकही तशीच लिहितो. जमेल का, माहीत नाही.

माझ्याकडे एक कुत्री होती. कारवान जातीची, लांब पायांची, फिकट बदामी रंगाची. नाव हरणी. सांगोल्याकडच्या बिरूआबांनी ती दीड महिन्याची असताना मला दिली. आबांचा मेंढरांचा कळप आहे. त्यांच्यावर मी एकदा लेख लिहिला होता, त्याची ही परतफेड. देताना म्हणाले, "लई ताठ मानंची हाय. तुमचं ऐकायची न्हाय."

ते मला लागलं. का लागलं असेल? साधी चेष्टा होती. पण मी त्याच आठवड्यात पुण्याच्या आज्ञापालन स्पर्धेची नियमावली मागवली.

या स्पर्धेत कुत्र्याने मालकाच्या डाव्या पायालगत चालायचं, फेकलेली वस्तू आणून द्यायची, परक्याने दिलेलं खायचं-प्यायचं नाही. आणि सगळ्यात अवघड — मालक नजरेआड गेल्यावर दहा मिनिटं जागचं हलायचं नाही. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड हे करतात. कारवान करत नाही, असं सगळे म्हणत. ती शिकारी जात. लांबवर काही पळालं की निघाली. तेच मला करून दाखवायचं होतं.

अकरा महिने रोज सकाळी आम्ही एका बंद गिरणीच्या आवारात सराव केला. तिथे नरसय्याकाका पहारेकरी होते. पूर्वी यंत्रमागावर होते, मग दम लागायला लागला म्हणून ही नोकरी धरली. घरी तेलुगू, बाहेर आमची सोलापुरी मराठी. मालकांकडून आवार वापरायची परवानगी मीच काढली होती, म्हणून ते मला जरा जास्तच मान देत.

हरणीला भुलवायचं काम मी त्यांनाच दिलं. ते तिच्यासमोर बिस्किट धरायचे, पाण्याची वाटी ठेवायचे, लाडाने हाका मारायचे. तिने तोंड फिरवलं, की मी तिला शाबासकी द्यायचो. सुरुवातीला ती त्यांच्या हातचं खायची. मग मी तिला दटावायचो. महिनाभरात तिने सोडलं. काका हसून म्हणायचे, "सर, एवढं शिस्तीचं तर आमचं जावईबी न्हाई की."

उठण्यासाठी एकच शब्द होता. "सुट्टी." तोही फक्त माझ्या आवाजात. काकांनी म्हटलं तर ती कानही हलवायची नाही. याचा मला अभिमान वाटायचा — हे नोंदवून ठेवतो.

आमच्या पेपरात तिच्यावर फोटोसकट बातमीही आली होती. मथळा होता, "सोलापूरची कारवान पुण्याच्या मैदानात." स्पर्धेला सोळा दिवस राहिले होते.

त्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी हरणीला आवारातल्या सिमेंटच्या फरशीवर बसवलं. शेजारी कडुनिंब आहे. फरशीवर तेव्हा त्याची सावली होती. महिना मे होता. सावली सरकते, हे कुणाला माहीत नसतं?

मी भिंतीआड गेलो. आठ पंचवीसला ऑफिसचा फोन आला. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आग लागली होती. मी गाडी काढली. जाताना काकांना म्हणालो, "पंधरा मिनिटांत आलो. तिला हात लावू नका. उठवू नका."

तिला उठवून घरी सोडायला किती वेळ लागला असता? घर दोन मिनिटांवर होतं.

मी बारा वाजून दहा मिनिटांनी परत आलो. फाटकातून आत शिरलो तेव्हा काका फरशीवर उभे दिसले. काहीच करत नव्हते, नुसते उभे. जवळ गेल्यावर कळलं — आपली सावली तिच्या अंगावर पडावी म्हणून ते तसे उभे होते. मे महिन्यात भर दुपारी माणसाची सावली पायाशीच गोळा होते. ती तिच्या डोक्यापुरतीही पुरत नव्हती. तिच्या अंगावर ओलं गोणपाट होतं. वाटी भरलेली होती. तिने तोंड लावलं नव्हतं.

मी "सुट्टी" म्हणालो. तिने शेपटी एकदा हलवली. उठली नाही.

डॉक्टरांनी प्रयत्न केले. साडेतीनला ती गेली.

इथवर ही दुर्दैवी घटना आहे. मी इथेच थांबलो असतो, तरी तुम्ही म्हणाला असता — कामाच्या घाईत विसरला बिचारा. पण मी विसरलो, एवढंही मी कुणाला म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे विचारायला लागले. मी बातमी लिहायला बसलो. एक कॉलम, नऊ ओळी. कुत्रीची जात, वय, स्पर्धा, तापमान, मृत्यूची वेळ — सगळं बरोबर. एक वाक्य सोडून. "सरावानंतर तिला पहारेकऱ्याच्या ताब्यात देण्यात आले होते, मात्र त्याने तिला उन्हातच ठेवले." नाव घातलं नाही. नाव नाही घातलं, तर ते खोटं कमी होतं का? तेव्हा मला तसं वाटलं होतं.

बिरूआबा बातमी ऐकून आले. घरात आले नाहीत, पायरीवरच बसले. पाणीही नको म्हणाले. तिचा पट्टा हातात घेऊन म्हणाले, "आमच्यात कुत्रं आपल्या पायानं सावलीला जातंय. त्येला सांगावं लागत न्हाय. हिला उनात बसायला कुणी शिकिवलं?"

मी म्हणालो, "पहारेकऱ्याकडे दिली होती, आबा."

ते उठले. मग पट्टा खिशात घालून निघून गेले. पुन्हा आले नाहीत.

बातमी गिरणीच्या मालकांनीही वाचली. आठवड्याभरात काकांना कामावरून काढलं. त्यानंतर दोन दिवसांनी ते आमच्या ऑफिसच्या खाली येऊन उभे राहिले. हातात त्या बातमीचं कात्रण, चार घड्या घातलेलं. मला वाटलं, भांडायला आलेत. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"सर," ते म्हणाले, "मला तेलुगूच वाचायला येतंय. शाळा तसलीच की आमची. पोरगी सासरी हाय. एवढं वाचून दाखवा. यात माझं काय लिहिलंय म्हणतेत."

त्यांना वाटत होतं, बातमी दुसऱ्या कुणीतरी लिहिली. आणि वाचून दाखवायला ते माझ्याकडे आले होते — कारण काय घडलं, हे त्यांच्याशिवाय मलाच माहीत होतं.

मी घड्या उलगडल्या. चहाच्या टपरीपाशी उभा राहून मोठ्याने वाचलं. सावकाश, बातमी वाचतात तसं. ते वाक्य आलं, तेव्हा मी पुढच्या ओळीवर गेलो. जराही अडखळलो नाही.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

"फोनचं न्हाई का त्यात?"

"नाही."

"मग मला का काढलं?"

मी म्हणालो, चौकशी करतो. त्यांनी कात्रण पुन्हा तसंच चार घड्या घालून खिशात ठेवलं. "बरं, सर," म्हणाले. वर म्हणाले, "तुमचं पण लई वाईट झालं की." आणि चालत निघाले. पुढे कधीतरी त्यांच्या मुलीने किंवा शेजाऱ्याने ते कात्रण वाचून दाखवलं असेल. कधी, कुणी, ते ऐकून काका काय म्हणाले — हे मी कधीच शोधून काढलं नाही. शोधून काढणं हाच माझा धंदा होता.

आता तो फोन.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी काकांचा फोन आला होता. आग तोवर आटोक्यात आली होती. मी कारखान्यासमोर एका हॉटेलात सावलीला बसून चहा घेत होतो. त्याआधी दोनदा घड्याळ पाहिलं होतं. म्हणजे मी विसरलो नव्हतो. हरणी फरशीवर आहे, हे मला सबंध वेळ माहीत होतं.

काका म्हणाले, "सर, हिच्यावर ऊन आलंय. उठंना झालीय. उचलायला गेलो तर गुरगुरतेय. पाणी दिलं तर तोंड फिरवतंय. मी सुट्टी सुट्टी म्हणून बघितलं. तुम्ही बोला की. हे बघा, फोन तिच्या कानाला लावतो."

आणि त्यांनी लावला. मला तिचं धापा टाकणं ऐकू आलं. जोरात, घाईघाईचं. तिच्या कानापाशी फोन होता आणि माझ्या तोंडाशी तो शब्द होता.

मी हिशेब केला. आठ दहा ते दहा चाळीस, अडीच तास. कुठल्याच कारवानने एवढा वेळ दम धरला नसेल. पुण्याला सांगता येईल. आबांनाही सांगता येईल. आणखी दीड तास, म्हणजे चार तास पुरे होतील.

मी काहीच बोललो नाही. काका पुन्हा फोनवर आले तेव्हा म्हणालो, "राहू द्या. हलवू नका. मी येतो." आणि आणखी एक चहा सांगितला.

फोनवरच्या आवाजाने ती उठली असती का? कुणास ठाऊक. मी तो शब्द उच्चारलाच नाही, त्यामुळे ते कधीच कळणार नाही.

माझा आवाज येईल म्हणून ती फोनकडे कान लावून होती. हे काकांनी मला नंतर सांगितलं, फाटकापाशी, तिला गाडीत ठेवताना.