टोबॅगोतलं अळू

कुमुदताई कुणाच्याही घरी गेल्या की पाण्याचा पेला आधी नाकाशी न्यायच्या. उजेडात धरायच्या, हुंगायच्या, मग यजमानिणीकडे अशा बघायच्या की ती बिचारी उगाच ओशाळायची. एव्हरशाईन सिटी या कॉलनीत आमची दारं समोरासमोर. एकदा जवळच्या नंदाखाल गावच्या लुर्डीनबाई स्वतःच्या बागेतली केळी घेऊन माझ्याकडे आल्या, तर या बाईंनी तीही हुंगली. "केळी आहेत गो बाय, बोंबील नाहीत," लुर्डीनबाई हसून म्हणाल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुमुदताईंना अंड्यामाशांची किळस यायची आणि मला त्यांच्या त्या हुंगण्याची.

त्यांचा एकुलता एक मुलगा अमेय शेफ झाला, तोही पार कॅरिबियनमधल्या टोबॅगो बेटावर, समुद्रकाठच्या हॉटेलात. "दिवसभर मेलेलं चिवडतो," असं त्या चारचौघांत सांगायच्या. सुट्टीवर आला तरी त्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसत, त्याच्या हातचा चहासुद्धा घेत नसत. शेवटी त्याने आईला तिकडेच बोलावलं आणि मला फोन केला. "काकू, तिने एकदा माझ्या हातचं जेवावं, एवढंच. तुम्ही सोबत याल?" मी गेले.

अमेयने पहिल्याच दिवशी सगळं समजावलं. भातात नुसता राजमा दिसला तरी विचारायचं, कधीकधी त्यात खारवलेलं मांस असतं. अळूच्या भाजीत खेकडा असू शकतो. हॉटेलातलं तळण नको, कढई एकच असते. बाहेर डाळपुरी आणि डबल्स, म्हणजे दोन मऊ पोळ्यांत घातलेले चणे, मात्र खुशाल खा, तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांनी ते टिकवलंय. एवढं सोपं होतं. पण कुमुदताई हॉटेलात वाढायचे चिमटे हुंगत फिरायच्या. शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं मासा खात होतं, तर यांनी नाकाला पदर लावून "ई, शी" सुरू केलं. ते दोघं उठून दुसरीकडे गेले. समोर निळाशार समुद्र, आणि मी ताटात मान घालून बसले.

तिसऱ्या दिवशी अमेयने सुट्टी घेऊन आपल्या खोलीवर स्वयंपाक केला. पातेलं नवं, सुरी नवी, चूलसुद्धा एका शाकाहारी घरून मागून आणलेली. तिथलं अळू, त्यात शेंगदाणे, ओल्या खोबऱ्याचे काप. त्याने पान वाढलं. कुमुदताईंनी पातेल्याकडे बघितलंही नाही. त्यांनी मुलाचा उजवा हात धरला, उलटासुलटा केला आणि हुंगला.

"जात नाही रे हा वास," म्हणाल्या, आणि पिशवीतलं भडंग काढून खायला लागल्या.

अमेयने हात मागे घेतला. मला त्या बाईची शिसारी आली. मी दोनदा मागून वाढून घेतलं, पण त्याचा चेहरा काही उजळला नाही.

परत आल्यावर त्या परदेशातल्या शाकाहारी खाण्याच्या कॉलनीतल्या तज्ज्ञ झाल्या. कुणी परदेशी निघालं की, "विचारायला लाजायचं नाही, जीभ कशाला दिलीय?" अशी सुरुवात व्हायची, आणि शेवटी, "आमच्या अमेयने केलेलं अळू! बोटं चाटत राहाल." मी समोर बसलेली असले तरी खुशाल.

एक दिवस लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "चिंच घातली होती का गं त्याने?"

"नाही. लिंबू पिळलं होतं. तुमच्या घशाला चिंच चालत नाही म्हणून."

त्यांनी लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. "त्याला फोन करून सांगा काहीतरी," मी म्हटलं. "करीन की," म्हणाल्या. केला नाही.

पुढच्याच वर्षी त्या झोपेत गेल्या. अमेय आला, दिवस झाले, घर आवरायला घेतलं. मी मदतीला गेले होते. दुपारी त्याला तहान लागली. तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आत कुणी नव्हतं, ओटा रिकामा होता.

"काकू, पाणी तुम्ही आणता का?" तो म्हणाला. "मी आत जात नाही."