घटात न उगवलेली ज्वारी

नवरात्राची पाचवी माळ होती, आणि आमच्या आदिलाबादच्या घरातल्या घटात एकही कोंब दिसत नव्हता. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मला पाचवा महिना लागला होता... आणि आधीचं एक पोटातच गेलं होतं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज पहाटे दिवा घेऊन घटावर वाकायच्या. मग माझ्या पोटाकडे बघायच्या. घट उगवला नाही की घरावर, गर्भावर संकट येतं, अशी समजूत.

एरवी घटाची माती जैनथ गावच्या आमच्या शेतातून यायची. त्या वर्षी सासऱ्यांनी, आमच्या मामाजींनी, बाजारामागची एक जुनी जागा घेतली होती. खाली किराणा दुकान, वर घर, आवारात आयती विहीर! भूमिपूजन दसऱ्याला. नव्या जागेचा पहिला मान देवीला, म्हणून आत्याबाईंनी हौसेने तिथलीच माती आणली.

"बियानं किडकं असन," मामाजी म्हणाले.

"तेच बियानं शेजारी देल्लं ना मी," आत्याबाई म्हणाल्या. "त्याईचा घट काऊन हिरवागार मंग?"

मी न्हाणीत जाऊन रडले... आणि रडून झाल्यावर मला भयंकर राग आला. दोष माझा की मातीचा, बघूच एकदा!

दोन वाट्या घेतल्या. एकीत तुळशीच्या कुंडीतली शेताची माती, दुसरीत नव्या जागेची. दोन्हींत तीच ज्वारी, तेच नळाचं पाणी. वाट्या धान्याच्या कोठीमागे लपवल्या.

आठव्या माळेला शेताच्या वाटीत बोटभर कोंब होते. दुसरीत दाणे काळे पडून कुजले होते. दोन्ही वाट्या मी आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवल्या.

त्यांनी दुसऱ्या वाटीतली माती चिमटीत घेतली. "तो बॅटऱ्यावाला होता ना वं तिथं?"

होता. जागेचा आधीचा मालक ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा आणि आतलं ॲसिड तिथंच ओतायचा. सगळ्या बाजाराला माहीत होतं. धंदा बंद होऊन वर्षं झाली, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मामाजींनी ऐकून घेतलं नाही. "दोन वाट्यांपायी मुहूर्त मोडू का मी? लोक हासतीन!" जन्म भाड्याच्या दुकानात काढलेला माणूस... त्यांचंही चुकत होतं असं मला म्हणवत नाही.

दसऱ्याला सगळे जागेवर जमलो. पूजेचा कलश भटजींनी त्याच विहिरीवर भरून घेतला. पूजा झाली, आणि भटजी तीर्थाची पळी घेऊन आधी माझ्याकडे वळले. गर्भारशीचा मान. चारचौघांत नाही कसं म्हणायचं? मी हात पुढे केला.

पळी कलंडणार, तोच आत्याबाईंनी आपला तळवा माझ्या तळव्यावर पालथा ठेवला.

"हे पानी माही सून पेनार नाई. अन् इथं आमचं घरबी होनार नाई."

माझ्या लग्नानंतर चारचौघांत मामाजींपुढे त्यांनी तोंड उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मामाजी तडक निघून गेले. महिनाभर घरात कुणाशी धड बोलले नाहीत.

मग एक दिवस स्वतःच बाटलीत त्या विहिरीचं पाणी भरून कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या सरांकडे घेऊन गेले. पाण्यात शिसं निघालं. जागा तशीच पडून राहिली, आणि मामाजींचं दुकान शेवटपर्यंत भाड्याच्याच गाळ्यात चाललं.

मला मुलगी झाली... ठणठणीत! आत्याबाईंनी त्या नऊ दिवसांबद्दल कधी एक शब्द काढला नाही. पण पाण्याची त्यांना धास्तीच बसली होती; बाळंतपणाचे चाळीस दिवस, नळ घरात असूनही, त्या दोन गल्ल्या ओलांडून लांबच्या हापशावरून माझ्या पिण्याचं पाणी आणत होत्या. डोक्यावर हंडा, साठीचं वय, दुखरे गुडघे. मी नको म्हटलं तर म्हणायच्या, "तू पे गुमान."

त्यांना कधी थँक्यू म्हटलं नाही मी. आमच्याकडे घरच्या माणसाला कोण म्हणतं? आज मात्र म्हणावंसं वाटतंय... आणि ऐकायला त्या नाहीत.