तोंडपाठ ओव्हर

आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज बाईंना ओव्हर तोंडपाठ लागायची. ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला सगळ्या पेशंटची माहिती द्यायची ती ओव्हर. बाकी वॉर्डांत रजिस्टर बघून वाचतात. आमच्याकडं ते मिटून, सगळ्यांसमोर उभं राहून. बत्तीस पेशंट! कुठं अडलं की बाई म्हणायच्या, "हिला पास कुणी केलं गं?" सगळ्या हसायच्या. मी पण हसायचे, बावळट कुठली.

घरी आलं की झोपेचं खोबरं. शेजारणीला वाटायचं, शहागंजच्या बाजाराच्या कल्ल्यानं होत असेल. कल्ल्यात मी लहानपणापासून झोपते! पण डोळा लागला की वाटायचं, नऊ नंबरची शुगर सांगायची राहिली. उठून वॉर्डात फोन. एकदा तर झोपेतच नवऱ्याला अख्खी ओव्हर दिली. तो शेवटी म्हणाला, "व्हय सिस्टर, घेतली ओव्हर, निघा आता." लई हसलो आम्ही. मग मी मोरीत जाऊन रडले. कारण त्याच आठवड्यात मी एका आजींना दुसऱ्याच पेशंटची गोळी द्यायला निघाले होते. त्याच म्हणाल्या, "पोरी, ही माझी नाय. माझी पिवळी असती." माझं तर धाबंच दणाणलं. असंच चाललं तर एक दिवस माझ्या हातून कुणीतरी जाणार होतं.

मग बाई महिनाभर रजेवर गेल्या आणि चार्ज माझ्याकडं आला. तोंडपाठ ओव्हर बंद करायची, असं मी पक्कं ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी फुलंब्रीहून बसनं येणारी नवीन पोरगी रजिस्टर उघडून वाचायला लागली, आणि माझ्या तोंडून निघालं, "ठेव ते. पाठ नाही होय?" ती अडखळली. सगळ्या हसल्या. सांगायलाही लाज वाटते, पण त्या दुपारी घरी जाऊन मी पाच तास ढाराढूर झोपले.

दुसऱ्या दिवशी पोरगी आली ती सुजलेल्या डोळ्यांनी. ओव्हरच्या वेळी मी रजिस्टर तिच्या हातात दिलं. म्हटलं, "काल माझं चुकलं गं. वाचून दे." तिला ते खरं वाटलं नाही. रजिस्टर छातीशी मिटून धरत तिनं एक नंबरपासून घडाघडा म्हणायला सुरुवात केली. सहा नंबरचे आजोबा सकाळीच सुट्टी होऊन घरी गेले होते. तिनं त्यांचीही सगळी औषधं म्हणून दाखवली.