एका डोळ्याचं अंतर

धूमकेतूवर उतरायच्या यानाचे कॅमेरे तपासणं हे माझं काम. म्हणजे म्हैसूरच्या घरात बसून दिवसभर काळे फोटो बघायचे. यानाला शेजारी-शेजारी दोन भिंगं असतात. दोन्ही फोटोंतल्या फरकावरून समोरचा दगड किती लांब आहे ते काढायचं. धूमकेतूची जमीन काळीकुट्ट, म्हणून चाचणीसाठी चक्क कोळसा पसरतात.

त्या शनिवारी चाचणीत डाव्या भिंगावर धूळ बसली. आता एकाच डोळ्याच्या भरवशावर यानाचा खोदायचा हात पुढे न्यायचा का, यावर ऑनलाइन मीटिंगमध्ये खल सुरू झाला. मी ठणकावून सांगितलं, न्यायचा. ऊन सरकलं की सावल्या सरकतात, त्यावरून अंतर कळतं. जरा थांबा, दुसरा फोटो घ्या. सगळ्यांना पटलं.

मीटिंग संपवून वळले तर मागे भाजीची पिशवी घेऊन अप्पा, माझे वडील. त्यांची अक्का, थोरली बहीण, नंजनगूडला एकटी असते. दर शनिवारी स्कूटरनं तिच्याकडे जायचा त्यांचा नेम. पण उजव्या डोळ्याची नजर गेल्यापासून किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि घरात धुसफूस.

"त्या मशीनला एक डोळा चालतो, मला नाही काय ग?"

मी म्हटलं, "अप्पा, ते जागचं हलत नाही. त्याच्या अंगावर लॉरी येत नाही."

"मग मी पण सुम्ने, नुसता बसूनच ऱ्हाऊ काय?"

एका डोळ्याची हळूहळू सवय होईल, असं डॉक्टरही म्हणाले होते. मग मी अडवत होते ते त्यांच्या काळजीपोटी, की माझा जीव टांगणीला लागू नये म्हणून? डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी वैतागून किल्ली काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी हात पुढे केला. बोटं किल्लीच्या अलीकडेच मिटली, रिकामी. मी नकळत किल्ली पुढे सरकवून त्यांच्या बोटांत दिली.

दोघांच्याही ते लक्षात आलं. अप्पांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"नंजनगूडला बस कधी असते ग?"

उभा जन्म म्हैसुरात काढलेल्या माणसानं हे मला पहिल्यांदाच विचारलं. त्यांनी आपणहून किल्ली ठेवली तर किती सुटल्यासारखं होईल, असं मला रोज वाटायचं. आज ठेवली, तर मला रडूच आलं.