डंकावरची दुसरी वही

"वही ऱ्हाऊ दे! घमेलं आधी!"

अक्का धुरातून ओरडत होती. कढईतल्या तेलानं पेट घेतला होता आणि शेजारचं मिरचीचं पोतं जळत होतं. मिरची जळताना तुम्ही कधी बघितली नसेल. ती बघता येतच नाही. डोळे मिटतात, छाती आवळते आणि माणूस जनावरासारखं दाराकडं पळतं. मी पळाले. अक्का मात्र आत वळली. फळीवर तिची वही होती, खाली भाजलेल्या मसाल्याचं घमेलं होतं. तिनं घमेलं उचललं. पत्रा तापला होता, दोन्ही तळवे सोलून निघाले. वाळू टाकून लोकांनी आग विझवली तोवर वहीची राख झाली होती.

"मसाला लोकांचा हाय," अक्का खोकत म्हणाली. "वही माझी हुती."

कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी अक्काचा डंक होता, म्हणजे चटणी, मसाल्याचं लाल तिखट, कुटायचं यंत्र. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, तिचा नवरासुद्धा. मी तिच्याकडं मसाला भाजायला होते. उन्हाळा लागला की बायका वर्षाची चटणी कुटून न्यायला रांग लावायच्या. मिरचीला खोबरं किती, लसूण किती, धने किती, हे प्रत्येक घराचं वेगळं. ते सगळं अक्काच्या वहीत. वर घराचं नाव, मग प्रमाण, आणि तळाला एक ओवी. ओवी त्या घरच्या बाईनं द्यायची.

"ओवी सांग, मग आकडा लिहिते," असं ती ठणकावून सांगायची.

एकजण म्हणाली, "मला न्हाई बाई येत."

"मग नवऱ्याला शिव्या देतीस त्या तरी चालीवर म्हण."

तिनं म्हटल्या. अक्कानं लिहून घेतल्या. चाल चांगली होती.

मागच्या पानांवर पोरांच्या पोटदुखीचा लेप, बुरशी न येणारं लोणचं, जात्यावरची गाणी असलं बरंच होतं. ते कुणीही उतरून घ्यावं, पण तिथंच बसून, आपल्या हातानं. वही घरी द्यायची नाही. आणि एका घराच्या चटणीचं प्रमाण दुसऱ्या घराला सांगायचं नाही. ह्यावरून तिची सख्खी जाऊ दोन वर्षं बोलत नव्हती. अक्काला त्यात बरंच वाटायचं.

आता त्या घमेल्याचं सांगते. ते एका पोरीचं होतं. तिची आई थंडीत वारली होती आणि पोरीचं लग्न हुपरीत ठरलं होतं. सासरी जाताना आईची चटणी न्यायची, एवढाच तिचा हट्ट. पण आई डंकावर एकटीच यायची, घरात कुणाला प्रमाण ठाऊक नव्हतं. अक्कानं वहीतून जिनसा वाचून दाखवल्या, पोरीनं सामान आणलं, अक्कानं वहीत बघून तोललं, मी भाजलं आणि घमेल्यात एकत्र ओतलं. तिची मिरची तोलून बाहेर उन्हात टाकली होती. तेवढ्यात आग लागली.

पोरगी माझ्याही आधी बाहेर पळाली होती. आता ती रस्त्यावर बसून रडायला लागली.

"ह्या वर्षीचं झालं, अक्का. पुढच्या वर्षी काय करू? आईचं पान गेलं की."

"रडतीस काय?" अक्का म्हणाली. "समदं घमेल्यातच हाय. निवड आणि वजन कर."

दुसऱ्या दिवशी आम्ही निवडायला बसलो. लवंगा एकीकडं, मिरे एकीकडं, दालचिनी, दगडफूल, धने. खसखस चाळणीनं काढली, तीळ बोटांनी. अक्काचे हात फडक्यात बांधलेले, म्हणून ती नुसती हुकूम सोडत होती. माझी कंबर मोडली. मी हळूच म्हटलं, "अक्का, दुसऱ्या कुणाचं तरी प्रमाण देऊ या की हिला. कोण ओळखतंय?"

"तू न्हाई ओळखायचीस. ती ओळखंल."

मग अक्कानं नवी वही मागवून माझ्यापुढं ठेवायला लावली. "लिही."

"मी? मी चौथी शिकलीय."

"मी तिसरी. लिही."

एकेक ढीग तोलून मी लिहिला. भाजल्यावर वजन उतरतं, ते किती धरायचं हे अक्कानं सांगितलं. पान झालं असं मला वाटलं, पण अक्का म्हणाली, "थांब, ओवी ऱ्हायली." आकडे तिच्या डोक्यात टिकत नसत, म्हणून तर वही. ओव्या मात्र कधीच विसरली नाही. डोळे मिटून तिनं म्हटली:

डोळ्याला आलं पाणी, नाव सांगते मिरचीचं
याद येती माहेराची, ते न्हाई बोलायचं

पोरगी ऐकत राहिली. "आईची? आई तर म्हणायची, मला काय येत न्हाई."

"माझ्यापाशी पण तसंच म्हणाली हुती," अक्का म्हणाली. "सोडते काय मी?"

पोरगी हसली. पोरगी हसली म्हणून अक्काही हसली, आणि हात दुखले म्हणून शिवी दिली.

बाकीच्या बायका मग आपापलं प्रमाण परत सांगायला आल्या. पहिल्या वहीत पावशेर खोबरं असलेल्या घरात आता अर्धा किलो निघालं. "आमच्या आत्याबाई काजूबी घालायच्या," एकीनं सांगितलं. वही जळली आणि गल्लीतल्या सगळ्या सासवा श्रीमंत झाल्या. मी अक्काकडं बघितलं.

"लिही, लिही. मेलेल्या म्हाताऱ्यांस्नी खाऊ दे की वाईच खोबरं."

त्या खोबऱ्यानं निम्म्या गल्लीची चटणी दिवाळीच्या आत खवट झाली. पुढच्या उन्हाळ्यात एकेक जण येऊन खालच्या आवाजात आकडा खोडायला सांगून गेली. माझ्या अक्षरातल्या त्या वहीत ती खाडाखोड अजून आहे. खाडाखोड नसलेलं पान एकच.

अक्काचे हात बरे झाले, पण वही तिनं परत हातात घेतली नाही. "तुझं अक्षर बरं हाय," म्हणायची. ते बरं नाही. पुढं डंक दुसऱ्यानं घेतला, वही माझ्याकडं आली. उन्हाळ्यात हुपरीची एसटी पकडून एक बाई येते, मिरचीची पिशवी माझ्या दारात ठेवते आणि वाच म्हणते. तिला सगळं पाठ आहे. तरी मी वाचते, ओवीसकट.

आग लागली तेव्हा शेडमध्ये आम्ही तिघी होतो. अक्का त्यानंतर बरीच वर्षं जगली आणि म्हातारपणानं गेली. ती पोरगी आहे. मी आहे.